दार बंद झाल्यावर उमेदवाराबद्दल काय बोललं जातं

प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवी मिळून एक वर्ष झालं. आठ मुलाखती दिल्या, दोन ठिकाणी दुसऱ्या फेरीपर्यंत गेलो, पण निवड झाली नाही. प्रत्येक जाहिरातीत तीच यादी असते: उत्तम संवादकौशल्य, टीमवर्क, नेतृत्वगुण, ताणात काम करण्याची तयारी. मी मितभाषी आहे. नोकरी देणाऱ्यांना माणसात नक्की काय हवं असतं आणि माझ्यासारख्याने ते दाखवायचं कसं?

गेली 22 वर्षं मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसते आहे. कारखाने, गोदामं, रुग्णालयं, हिशेब सांभाळणारी ऑफिसं अशा ठिकाणांसाठी मी माणसं निवडली आहेत, मदतनीसापासून विभागप्रमुखापर्यंत. त्या अनुभवावरून आणि या विषयावर झालेल्या संशोधनावरून जे मला खात्रीने सांगता येईल, ते सांगते.

जाहिरातीतली यादी आधी बाजूला ठेवा. बहुतेक वेळा ती मागच्या जाहिरातीतून उचललेली असते, आणि लिहिणाऱ्याने त्या जागेवरचं काम जवळून पाहिलेलंही नसतं. खरी यादी ऐकायची असेल तर उमेदवार बाहेर गेल्यावर, दार बंद झाल्यावर आत काय बोलणं होतं ते ऐकायला हवं. तिथे ‘याचं इंटरपर्सनल स्किल चांगलं आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘चोख वाटतो.’ ‘हिच्यावर टाकलं की आपण मोकळे.’ ‘बोलतो छान, पण अंगचोर असावा.’ ‘सांगकाम्या आहे, सांगाल तेवढंच करेल.’ ‘याच्या सारखं मागे लागावं लागेल.’ भाषा अशी असते. बोलणारे सहसा एचआरचे नसतात. ज्याच्या हाताखाली तुम्ही जाणार आहात तो सुपरवायझर किंवा मॅनेजर हे बोलत असतो, आणि त्याच्या बोलण्याला वजन असतं.

या सगळ्या शेऱ्यांच्या तळाशी एकच प्रश्न असतो. या माणसाकडे काम सोपवलं, तर मला पुन्हा त्यात लक्ष घालावं लागेल का? त्या सुपरवायझरच्या जागी स्वतःला बसवून बघा. नवा माणूस त्याने मागितला, कारण त्याच्याच्याने आता सगळं उरकत नाही. आलेल्या माणसाचं प्रत्येक काम तपासावं लागलं, दर दोन तासांनी ‘कुठपर्यंत आलं?’ विचारावं लागलं, तर त्याचं काम कमी न होता वाढलं. म्हणून तो हुशारीच्याही आधी भरवसा शोधतो. तुमच्या प्रश्नातल्या ‘गुण’ या शब्दाचा अर्थ माझ्या लेखी एवढाच आहे: ज्या वागण्यामुळे समोरच्याला तुमच्यावर काम सोडून देता येतं, ते वागणं.

मितभाषी असण्याची तुम्हाला चिंता वाटते, तर त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते. मानसशास्त्रात स्वभावाचे पाच मोठे पैलू मानतात. मरे बॅरिक आणि मायकेल माउंट या दोन अभ्यासकांनी 1991 मध्ये आधी झालेले अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, की यांतला कोणता पैलू कामाशी किती जोडलेला आहे. व्यावसायिक, पोलीस, मॅनेजर, विक्रेते आणि कुशल-अर्धकुशल कामगार या पाचही गटांत सातत्याने एकच पैलू सापडला, ज्याला आपण चोखपणा म्हणू: घेतलेलं काम नीट, वेळेवर आणि कुणी पाहत नसतानाही पूर्ण करण्याची वृत्ती. बोलकेपणाचा, माणसांत रमण्याचा उपयोग दिसला तो मुख्यतः मॅनेजर आणि विक्रेते यांच्या कामात. हा संबंध फार मोठा असतो असं नाही, एवढ्या एका गोष्टीवर माणसाचं काम ठरत नाही. पण बहुतेक कामांत कमी बोलणारा माणूस मागे पडतो, असं त्या अभ्यासातून निघत नाही. मुलाखतीत तो मागे पडतो हे मात्र खरं आहे. त्याकडे पुढे येते.

चोखपणा म्हणजे मान मोडून राबणं, असा समज असतो. माझा अनुभव वेगळा आहे. एक उदाहरण सांगते. एका गोदामात मालाची मोजणी चालू होती. दोन नव्या मुलींना वेगवेगळे रॅक दिले होते. पहिलीने संध्याकाळी कागद दिला, वर लिहिलं होतं ‘झालं’. दुसरीच्या कागदावर आकड्याखाली दोन ओळी होत्या: ‘दोनदा मोजलं, दोन्ही वेळा 3 खोकी कमी. तिसऱ्या रॅकच्या मागच्या बाजूला हात पोचत नाही, तिथलं बघायचं राहिलं आहे.’ सुपरवायझरने दुसरीला दुसऱ्याच दिवशी जास्त जबाबदारीचं काम दिलं. पहिलीची मोजणी कदाचित बरोबरही असेल, पण ते कळायला त्याला स्वतः जाऊन मोजावं लागलं असतं. दुसरीच्या कागदावरून त्याला नेमकं समजलं की कुठे विश्वास ठेवायचा आणि कुठे अजून बघायचं आहे.

‘झालं’ हा शब्द कामाच्या ठिकाणी फार फसवा आहे. कुणाच्या ‘झालं’चा अर्थ असतो पूर्ण झालं, तपासलं, ज्याला हवं होतं त्याच्या हातात दिलं. कुणाच्या ‘झालं’चा अर्थ असतो माझ्या टेबलावरून गेलं. ईमेल पाठवला म्हणजे झालं, मग तो समोरच्याने वाचला का, त्याला जोडलेली फाइल उघडली का, याच्याशी देणंघेणं नाही. जो ‘झालं’ हा शब्द जपून वापरतो, त्याच्याबद्दल महिन्याभरात सगळ्यांना कळतं. पाट्या टाकणाराही तेवढ्याच वेगाने ओळखू येतो.

एक गोष्ट यात शिकण्यासारखी आहे. चोख माणसं स्वतःच्या स्मरणशक्तीवर विसंबून राहत नाहीत, ती लिहून ठेवतात. हे केवळ नवशिक्यांसाठी आहे असं मानू नका. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायची 19 मुद्द्यांची एक तपासणी-यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, शस्त्रक्रियेची जागा बरोबर आहे ना, टीममधल्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगितलं ना, असे साधे मुद्दे त्यात होते. आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली आणि 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आलं होतं. वर्षानुवर्षं तेच काम करणाऱ्या सर्जनना जर यादीचा उपयोग होतो, तर वही काढून लिहून घेणाऱ्या नव्या माणसाला कुणी कमी समजणार नाही. मला तर मुलाखतीत कुणी वही काढली की बरं वाटतं.

आता ज्या गुणाबद्दल जाहिराती काहीच बोलत नाहीत, पण जो मी सगळ्यांत वरचा मानते, त्याबद्दल. वाईट बातमी वेळेवर सांगणं.

कामं अडकतात. मशीन बंद पडतं, माल येत नाही, आकडा जुळत नाही, ज्याने माहिती द्यायची तो रजेवर जातो. यात कुणाला आश्चर्य वाटत नाही. मॅनेजर तोंडघशी पडतो तो काम अडकल्यामुळे नाही, ते अडकलंय हे शेवटच्या दिवशी कळल्यामुळे. एका ठिकाणी माल पाठवण्याचं नियोजन दोघं जण पाहत. एक जण विचारलं की ‘होईल, होईल’ म्हणायचा. स्वभावाने गोड, ऑफिसात सगळ्यांचा आवडता. शुक्रवारी दुपारी कळायचं की गाडीच ठरलेली नाही. दुसरा मंगळवारीच फोन करायचा: ‘शुक्रवारची गाडी अवघड दिसते. अर्धा माल तयार आहे, उरलेला सोमवारशिवाय निघत नाही. अर्धा आत्ता पाठवू की सगळा सोमवारी? ग्राहकाला मी अजून काही कळवलेलं नाही.’ हे ऐकायला कुणालाच आवडत नसे. पण मंगळवारी हातात तीन दिवस असत, शुक्रवारी दुपारी काहीच उरलेलं नसे. पुढे बढती दुसऱ्याला मिळाली, आणि पहिल्याला शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपल्यावर अन्याय झाला. ‘होईल’ म्हणताना तो खोटं बोलत नव्हता, त्याला मनापासून वाटायचं की काहीतरी जमेल. पण आशा आणि माहिती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वरच्या माणसाला निर्णय घ्यायला माहिती लागते.

वरच्या माणसासमोर बोलणं किती अवघड जातं, हे मी हलकं समजत नाही. 27 मार्च 1977 रोजी टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर दाट धुक्यात दोन बोइंग 747 विमानं धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. 583 माणसं गेली. कारणं अनेक होती: धुकं, एकाच वेळी झालेलं रेडिओवरचं बोलणं, दोन अर्थ निघतील असे शब्द. पण त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. उड्डाणासाठी वेग घेऊ लागलेल्या विमानात फ्लाइट इंजिनिअरला शंका आली होती. दुसरं विमान धावपट्टीवरून अजून बाजूला झालेलं नाही का, असं त्याने विचारलंही. ज्येष्ठ कॅप्टनने ठामपणे सांगितलं की झालंय. मग तो पुन्हा बोलला नाही. अशा अपघातांनंतर 1979 मध्ये नासाने घेतलेल्या एका कार्यशाळेतून विमानातल्या कर्मचाऱ्यांसाठी वेगळ्या प्रशिक्षणाची पद्धत पुढे आली. त्यात कनिष्ठाने शंका कशी मांडायची आणि ज्येष्ठाने ती कशी ऐकायची, हे शिकवतात. तेव्हा हा गुण जन्मजात धीटपणाचा आहे असं समजू नका. तो शिकवता येतो आणि शिकता येतो.

शिकायचा असेल तर सुरुवात वाक्याच्या घडणीपासून करा. ‘सर, एक प्रॉब्लेम आहे’ एवढं म्हणून थांबलात, तर तुम्ही ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवलंत. काय अडलंय, त्याचा परिणाम कशावर होईल, मी आतापर्यंत काय करून पाहिलं आणि तुमच्याकडून मला काय हवंय, हे एका दमात सांगता आलं पाहिजे. आणि स्वतःची चूक असेल तर ती पहिल्या वाक्यात. ‘आकडा माझ्याकडून चुकीचा गेला आहे, दोन जणांना पोचला आहे, दुरुस्त फाइल तयार आहे, पाठवू का?’ असं सांगणाऱ्या माणसावर मी आजवर कुणाला फार वेळ चिडलेलं पाहिलेलं नाही. चूक लपवून तिसऱ्याकडून कळली, तर मात्र चुकीपेक्षा लपवणं लक्षात राहतं.

इथे नोकरी देणाऱ्यांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. एमी एडमंडसन या अभ्यासिकेने 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या टीममध्ये औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी दिसतील अशी तिची अपेक्षा होती. आकडे उलटे आले, चांगलं नेतृत्व असलेल्या टीममध्ये चुकांच्या नोंदी जास्त होत्या. खोलात गेल्यावर उलगडलं की तिथे लोक चूक उघडपणे सांगत होते, बाकीच्या ठिकाणी ती दाबली जात होती. म्हणजे खरं बोलण्याचा हा गुण अर्धा माणसाचा आणि अर्धा त्या जागेचा असतो. जिथे वाईट बातमी आणणाऱ्याला झापतात, तिथे थोड्याच दिवसांत फक्त चांगल्या बातम्या येऊ लागतात. अशा ठिकाणी माणसं प्रामाणिक नाहीत अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

आता संवादकौशल्य. हा शब्द वाचून तुमच्या पोटात गोळा येत असेल, कारण तुम्ही त्याचा अर्थ ‘फाडफाड बोलणं’ असा घेता. कामाच्या ठिकाणी संवाद म्हणजे एका डोक्यातली गोष्ट दुसऱ्या डोक्यात न बदलता पोचणं. विमानतळाच्या कंट्रोलरने दिलेली सूचना वैमानिकाला स्वतःच्या तोंडाने परत म्हणून दाखवावी लागते, ऐकणाऱ्याने नेमकं काय ऐकलं हे बोलणाऱ्याला कळावं म्हणून. तुम्हीही काम घेताना हे करा. ‘म्हणजे मला गुरुवारी दुपारपर्यंत फक्त मागच्या महिन्याचे आकडे द्यायचे आहेत, आलेख नको, बरोबर?’ या एका वाक्याने जेवढा वेळ वाचतो, तेवढा कितीही आत्मविश्वासाने केलेल्या सादरीकरणाने वाचत नाही. मितभाषी लोक हे फार चांगलं करतात, कारण ते मुळात ऐकत असतात. लेखी बोलण्याचंही तसंच आहे. ज्या ईमेलच्या पहिल्या दोन ओळींत काय हवंय ते कळतं, तो लिहिणारा कुठल्याही टीमला हवा असतो.

माणसांशी जुळवून काम करता येण्याची किंमत वाढत चालली आहे, हे मात्र खरं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड डेमिंग यांनी 2017 मध्ये दाखवलं की अमेरिकेत 1980 ते 2012 या काळात, ज्यांत माणसांशी बराच संबंध येतो अशा नोकऱ्यांचा एकूण नोकऱ्यांतला वाटा दर शंभर नोकऱ्यांमागे जवळजवळ 12 ने वाढला. ज्यांत गणित आणि माणसं दोन्ही सांभाळावी लागतात, त्या नोकऱ्यांची वाढ विशेष होती. त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण मला पटतं: माणसं एकमेकांत कामं वाटून घेतात, ज्याला जे चांगलं जमतं ते तो करतो, पण या देवाणघेवाणीत वेळ आणि त्रास खर्च होतो. ज्याच्याशी ही देवाणघेवाण सहज होते, तो माणूस सगळी टीम स्वस्तात चालवतो. टीमवर्क म्हणजे माझ्या मते हेच आहे. सहलीला पुढाकार घेणं वेगळं. शिफ्ट संपताना पुढच्या माणसाला नीट हँडओव्हर देणं, अर्धवट काम कुठे थांबलंय ते लिहून ठेवणं, रजेवर जाण्याआधी आपल्या फाइल दुसऱ्याला सापडतील अशा ठेवणं, हे टीमवर्क.

नेतृत्वगुणाबद्दल मी फार बोलणार नाही. पहिल्या नोकरीत कुणी तुमच्याकडून नेतृत्वाची अपेक्षा ठेवत नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. सांगितलेल्याच्या एक पाऊल पुढचं दिसतं का, एवढं बघतात. रिपोर्ट मागितला, त्यात एक आकडा विचित्र दिसला आणि तुम्ही तो देताना दाखवून दिलात, तर तुम्ही सांगकाम्या नाही हे सिद्ध झालं.

शिकण्याची तयारी या गुणाकडे मात्र थांबायला हवं, कारण तो सगळेच सांगतात आणि फार थोड्यांत असतो. नवीन गोष्टी आवडणं म्हणजे शिकण्याची तयारी असणं, असं मी मानत नाही. ‘हे चुकलंय’ असं कुणी सांगितल्यावर माणूस काय करतो, यात ती दिसते. मी मुलाखतीत एक छोटं काम देते, त्याच पदावरचं, पंधरा-वीस मिनिटांचं. मग त्यात एक-दोन दुरुस्त्या सांगते आणि पुन्हा करायला लावते. पहिल्या प्रयत्नापेक्षा दुसरा मला जास्त सांगून जातो. काही जण दुरुस्ती ऐकताना आधीचं कसं बरोबर होतं ते पटवत बसतात. काही जण मान डोलावतात आणि तीच चूक पुन्हा करतात. एखादा मात्र विचारतो, ‘म्हणजे बाकीच्या ओळींनाही हेच लागू होईल ना?’ त्याला मी सहसा सोडत नाही. वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमने 2025 मध्ये एक हजाराहून अधिक कंपन्यांना विचारून अहवाल काढला. त्यात विश्लेषणात्मक विचार हे कौशल्य सर्वांत वर होतं, आणि 2030 पर्यंत आजच्या मुख्य कौशल्यांपैकी सुमारे 39 टक्के बदलतील असा अंदाज होता. अंदाज तंतोतंत खरे ठरत नाहीत, पण दिशा मला रोजच्या कामात दिसते. मसुदा, सारांश, तक्ता आता यंत्र करून देतं. ते बरोबर आहे का हे ओळखणारा आणि खाली स्वतःच्या नावाने जबाबदारी घेणारा माणूस लागतो. ‘एआयने तसं सांगितलं’ हे उत्तर कुठलाही मॅनेजर दोनदा ऐकून घेणार नाही.

एवढं सगळं स्वभावाबद्दल बोलल्यावर गैरसमज होऊ नये म्हणून सांगते, हातातलं कौशल्य हे प्रवेशद्वार आहे. हिशेबाच्या जागेसाठी ताळा जुळवता आला पाहिजे, वेल्डरचा जोड पक्का असला पाहिजे. कितीही चोख आणि प्रामाणिक माणूस असला, तरी कामच येत नसेल तर त्याला घेता येत नाही. एकाच वेळी पाच साधनांची तोंडओळख करून घेण्यापेक्षा एक असं शिका की समोर बसवून करायला सांगितलं तर हात अडणार नाही.

आता मुलाखत. तिथे मितभाषी माणूस मागे पडतो असं मी म्हटलं, आणि त्यात पहिला दोष मुलाखत घेणाऱ्यांचा आहे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये 85 वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेऊन माणसं निवडण्याच्या 19 पद्धती तपासल्या. अनुभवाची नुसती वर्षं आणि शिक्षणाची वर्षं यांच्यावरून पुढच्या कामाबद्दल फारच थोडं कळतं, असं त्यात दिसलं. मनाला येईल ते विचारत जाणारी मुलाखतही, सगळ्यांना तेच प्रश्न विचारून ठरलेल्या कसोटीवर गुण देणाऱ्या मुलाखतीपेक्षा कमी उपयोगी ठरली. पुढे 2022 मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ही आकडेमोड पुन्हा तपासली. बहुतेक आकडे खाली आले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सर्वांत वर राहिली. तरीही गप्पा मारून ‘माणूस आवडला’ म्हणणारे आजही पुष्कळ आहेत. सुरुवातीच्या वर्षांत मीही हे केलं आहे. एका जागेसाठी दोघे होते. एक जण हसतमुख, हजरजबाबी. दुसरा खाली बघून, अडखळत, पण नेमकं बोलणारा. मी पहिल्याला घेतलं. सहा महिन्यांत त्याची अर्धी कामं टीममधल्या इतरांनी निस्तरली आणि एक चांगली मुलगी त्या त्रासाने सोडून गेली. दुसऱ्याचे कागद मी नंतर पुन्हा काढून वाचले. त्याने दिलेली उत्तरं सरस होती, मी ती ऐकलीच नव्हती. त्यानंतर मी प्रश्न आधी लिहून ठेवू लागले.

तुम्हाला मुलाखत घेणारा बदलता येणार नाही, पण त्याच्या हातात काय द्यायचं ते तुमच्याकडे आहे. विशेषणं देऊ नका, प्रसंग द्या. ‘मी मेहनती आणि जबाबदार आहे’ हे वाक्य मी हजारो वेळा ऐकलं आहे आणि त्यातून मला काहीही कळत नाही. त्याऐवजी असं काही ऐकलं तर माझं पेन चालू लागतं: ‘कॉलेजच्या कार्यक्रमाचा हिशेब माझ्याकडे होता. शेवटी पावत्या आणि शिल्लक जुळेना. दोन दिवस सगळ्या पावत्या तारखेने लावल्या, तेव्हा एक पावती दोनदा धरल्याचं सापडलं. चूक माझीच होती. मी शिक्षकांना आधी तसं सांगितलं, मग दुरुस्त हिशेब दिला. पुढच्या वर्षी पावतीवर क्रमांक घालायची पद्धत मी सुरू केली.’ यात मेहनत, प्रामाणिकपणा आणि पुढचा विचार तिन्ही आले, आणि एकही विशेषण वापरावं लागलं नाही. हे बोलायला वक्तृत्व लागत नाही. तीस-चाळीस सेकंदांत संपतं.

नोकरीचा अनुभव नसला तरी प्रसंग असतात. आजारी माणसाच्या औषधांच्या वेळा सांभाळल्या असतील, धाकट्यांना शिकवलं असेल, ग्रंथालयात मदत केली असेल, एखाद्या प्रोजेक्टमध्ये सोबती मध्येच सोडून गेल्यावर काम पुरं केलं असेल. असे सहा प्रसंग लिहून काढा: एक स्वतःकडून झालेल्या चुकीचा, एक मतभेदाचा, एक कुणाकडून तरी शिकल्याचा, एक अर्धवट सुटलेल्या कामाचा, एक वेळ कमी असतानाचा, एक जिथे तुम्ही न सांगता काही केलंत असा. प्रत्येकात परिस्थिती दोन वाक्यांत, तुम्ही स्वतः काय केलंत ते चार वाक्यांत, निकाल एका वाक्यात. मोठ्याने म्हणून पाहा. ‘आम्ही’ किती वेळा आलं ते मोजा, कारण ऐकणाऱ्याला त्यातलं तुमचं किती ते समजत नाही.

दोष विचारला तर ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ हे उत्तर देऊ नका. खरा दोष सांगा आणि त्यावर काय उपाय ठेवलाय तेही. ‘अनोळखी लोकांच्या बैठकीत मला पटकन बोलता येत नाही, म्हणून मी मुद्दे आधी लिहून नेतो आणि राहिलेलं नंतर ईमेलने कळवतो’ हे तुमच्या बाबतीत खरं असेल तर ते उत्तम उत्तर आहे. स्वतःच्या मितभाषीपणाचा उल्लेख तुम्हीच शांतपणे केलात, की समोरच्याला तो लपवलेला दोष वाटत नाही.

शिवाय मुलाखतीबाहेरही तुमच्याकडे पाहिलं जात असतं. वेळ बदलल्याच्या ईमेलला उत्तर आलं का, मागितलेली कागदपत्रं एकाच वेळी आली की चार वेळा मागावी लागली, स्वागतकक्षातल्या माणसाशी कसं बोललात. यातलं बरंचसं आमच्या कानावर येतं. आणि आधी कुठे काम केलं असेल तर तिथे फोन जातो. मी त्या फोनवर एकच प्रश्न नक्की विचारते: ‘पुन्हा संधी मिळाली तर याला घ्याल का?’ पलीकडचा माणूस उत्तर द्यायला किती वेळ घेतो, त्यावर मला बरंच कळतं.

काही गोष्टी गुण म्हणून मागितल्या जातात, पण त्या गुण नव्हेत, हेही तुम्हाला माहीत असावं. रात्री अकराला फोन उचलणं हा कामावरच्या निष्ठेचा पुरावा नाही. ‘ताणात काम करण्याची तयारी’ याचा अर्थ काही ठिकाणी दोघांचं काम एकाकडून करून घेणं असा असतो. अपमान गिळणं म्हणजे लवचिकपणा नव्हे. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ‘काही विचारायचं आहे का?’ असं म्हटलं की गप्प राहू नका. या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले, पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून नेमकं काय व्हायला हवं, काम अडलं तर मी कुणाला विचारायचं, हे विचारा. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं चटकन आणि मोकळेपणाने येतात. जिथे टाळाटाळ होते, तिथे नोकरी मिळाली तरी विचार करून घ्या.

तुमच्या आठपैकी दोन मुलाखती दुसऱ्या फेरीपर्यंत गेल्या, म्हणजे कागदावर तुम्ही कमी नाही आहात. त्या दोन ठिकाणी ईमेल करून विचारा, कुठे कमी पडलो ते कळलं तर पुढे उपयोग होईल. सगळे उत्तर देत नाहीत. माझ्याकडे असा ईमेल आला तर मी देते, आणि दोनदा तर असा विचारणारा उमेदवार पुढच्या जागेसाठी आम्हीच परत बोलावला आहे. त्याआधी ते सहा प्रसंग लिहून काढा. त्यांतला स्वतःच्या चुकीचा प्रसंग सर्वांत आधी लिहा, तो लिहायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.